बड्या सरांचा शेवटचा मार्च

मार्चातली मोहफुलं आणि आमच्या शाळेतले किस्से सारखेच. सकाळी टोपलीभर वेचा, दुसऱ्या दिवशी तितकेच पडलेले!

आमची शाळा लाखांदूरच्या पुढे, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. मुख्याध्यापकांना सगळे बडे सर म्हणतात. गेटजवळच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष तेच लिहायचे, आणि नुसता लिहून भागायचं नाही, साजरा करावा लागायचा. यंदा तर कहर झाला, कारण मार्चअखेर त्यांची रिटायरमेंट होती.

"जूनमधली पहिलीची पोरं काही मले भेटत नाही. मंग मार्च तरी पुरा घेऊ द्या," म्हणायचे. पहिल्या दिवशी रडणारं प्रत्येक पोर ते स्वतः कडेवर घेऊन वर्गात नेत. ते काम आता दुसऱ्याचं, हे त्यांना फार लागलं होतं. आम्हा शिक्षकांनाही वाईट वाटायचं.

* * *

महिला दिनाला सरांनी जाहीर केलं, आज खिचडी पुरुष शिक्षक शिजवणार! रोज शिजवणाऱ्या कमलाबाईंना हार घालून खुर्चीवर बसवलं. भाषण सुरू झालं आणि बाईंचं नाक फुरफुरू लागलं.

"सर, करपून राहिलं जी! सत्कार घेऊ का खिचडी पाहू?"

अर्धं भाषण बाईंनी हारासकट चुलीपाशी ऐकलं.

* * *

मग चिमणी दिन. आम्ही झाडांना पाण्याची मडकी टांगली. चिमणीनं मात्र घरटं केलं स्टाफरूमच्या पंख्यावर! सरांनी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टीच लावली.

दुपारी केंद्रप्रमुख आले. फाईलनं वारा घेत म्हणाले, "पंखा काहून बंद?"

सर हळूच म्हणाले, "वर बाळंतीण आहे जी."

साहेबांनी चहा झाडाखाली घेतला.

* * *

जल दिनाला रॅली काढली. "पाणी वाचवा, पाणी वाचवा!" ऊन असं, की पोरं वाटेतल्या एका बांधीतल्या पंपावर तुटून पडली. उन्हाळी धानवाला शेतकरी धावत आला.

"गुरुजी, पानी वाचवाले दुसरी बांधी नाही भेटली का?"

सरांनी पोरांचे आणि स्वतःचेही ओले पाय पाहिले आणि घोषणा बदलली, "झाडे लावा!"

* * *

शेवटच्या दिवशी फळा आम्ही लिहिला. 'आजचा दिनविशेष : बड्या सरांचा वाढदिवस.' कागदावरची जन्मतारीख तीच, म्हणून निरोपही त्याच दिवशी. केक आला, शाल आली, सरांची म्हातारी आई आली. सर बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांना रडू फुटलं.

आई खुर्चीतून म्हणाली, "आज वाढदिवस कायचा? तू तं रोवणीतला हायेस. बांधीतून घरी आली अन् तू झालास!"

रोवणी म्हणजे भातलावणी, जुलै-ऑगस्टातली!

"मंग मार्च कोणं लिहिला?" सरांनी विचारलं.

"मास्तर घरोघर नावं लिवाले आला, त्याच दिवसाची तारीख टाकली त्यानं."

सर आईच्या खुर्चीपाशी येऊन बसले. "म्हणजे जूनमधली पोरं माहीच होती! माये, तवाच काहून नाही सांगतलं?"

आईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले.

"कवा सांगू बाबा? तवा तू शाळेत जाचं म्हणून रडत होतास. आता शाळेतून निघाचं म्हणून रडून राहिला!"