सुपावरचा हात

पनवेलच्या बाजारात एक कोळीण शोभेच्या माशांसाठी वाळवलेल्या अळ्या विकते. घरच्या टाकीसाठी मी दर रविवारी एक पुडी घेतो, पण तिचं नाव कधी विचारलं नाही. पूर्वी ती करंजा बंदरातून सुका जवळा विकायला आणायची. आता परसात काळ्या माश्या पाळून त्यांच्या अळ्या वाढवते. तरी सुपावरून तिचा हात सारखा फिरतो, माश्या हाकत.

"मावशी, पाळताही तुम्हीच आणि हाकताही तुम्हीच?"

हात थांबला. "जवल्यावरची सवय हाय. आता जवलासुद्धा दलून माशांच्या खाद्यात घालतात, मग दर्यात काय उरंल? तुमच्या माशांनी हे किडे खाल्ले तर जवला ऱ्हाईल. मग मी परत तोच विकीन."

दुसरं गिऱ्हाईक आलं, तसा हात पुन्हा फिरू लागला. सुपात अळ्याच होत्या, पण तिचा हात अजून जवळा राखत होता.