दाढेचं रक्त थांबेना

दादाने दारव्ह्याला सकाळी दाढ काढली आणि सरळ बोरी अरबला येऊन ट्रॅक्टर खोलायला बसला. जेवायच्या वेळी वहिनी गॅरेजात डबा घेऊन गेली, तर हा बादलीत थुंकत होता. बादली लाल.

"थांबून राह्यलं नाही," एवढंच तो बोलला.

त्याला परत दारव्ह्याला नेलं; दाढेच्या डॉक्टरांनी टाका घातला, कापूस दाबला. तासाभराने टाक्याभोवतून पुन्हा पाझरायला लागलं. त्यांनीच यवतमाळला न्यायला सांगितलं. मी गाडी काढली. लोहारा येईपर्यंत दादाचे ओठ पांढरे पडले होते. वहिनी मागून सारखी विचारत होती, "आयकू येते ना तुमाले?" तो फक्त मान हलवायचा.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तोंड पाहिलं, पण जास्त वेळ पाहिले ते डोळे. मग दंडावरचे निळे डाग. मग उजव्या बरगडीखाली दाबलं.

"हे डाग कधीपासून?"

"पाना लागत असन," दादा पुटपुटला.

"दारू घेता?"

वहिनी उसळली. "सुपारीबी खात नाही हो हा माणूस!"

"चिडू नका, ताई. दोष दाढेचा नाही. रक्त गोठवणारी प्रथिनं बहुतेक लिव्हरमध्ये तयार होतात. यांचं लिव्हर ती पुरेशी बनवत नाही आहे. का, ते शोधू."

पांढऱ्या काविळीची चाचणी पाठवली. तोवर प्लाझ्मा चढवायला घेतला, कुणा अनोळखी माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी. पहिली पिशवी संपली, तरी दातांमधली पट्टी लालच होती. मी नळीकडे पाहत राहिलो. दुसरी अर्धी झाल्यावर डॉक्टरांनी पट्टी काढली, टॉर्च मारला आणि वाकून जखम पाहिली.

"गोठतंय," शेवटी म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली.

चाचणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे पांढरी कावीळच निघाली. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. वहिनी आणि मुलं सुटली. माय सापडली, आणि मीही. बाळंतपणात हा विषाणू आईकडून मुलाला जातो, वर्षानुवर्षं काही कळत नाही, असं डॉक्टर सांगत होते. माय पदराचं टोक पिळत ऐकत होती.

"मंग माह्याकडूनच आलं दोघाइले?"

दादाचा गाल अजून सुजलेला होता. तो कसाबसा म्हणाला, "तुले तरी कुठं मालूम होतं, माय? कायले रडतं?"

आता तो रोज एक गोळी घेतो. डाग कमी झालेत. माझं लिव्हर अजून धड आहे, म्हणून मला गोळी नाही, नुसती तपासणी. मायचीही तीच गत. तपासणीला आम्ही दोघं सोबतच जातो. गाडीत ती पदराचं टोक पिळत बसते. डॉक्टरांनी तिचं "ठीक आहे" म्हटलं की आधी विचारते, "याचंबी ठीक हाये ना?"