मास्तरांची आखूड कमांड

मास्तरांशी बोलताना माझी हटकून चिडचिड व्हायची, कारण आपण बोलत असू ते वाक्य ते तिथल्या तिथे मांडीवर बोटांनी टाइप करत असत. वाक्य संपलं की शेरा तयार: "आगं, एवढ्याला साठ ठोके? नुसतं 'न्हाय' म्हणायचं की!"

पूर्वी शाहूपुरीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर भंगारात गेले, पाटी उतरली आणि पंचेचाळिशीत मास्तर आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शेजारी येऊन बसले. आपलं नाव पुन्हा कुठंतरी लागावं, एवढी एकच हाव त्यांना होती.

वेबसाइट बांधायला आम्ही फुकट मिळणारं एक परदेशी फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, वापरायचो. डेटाबेसमध्ये नवा रकाना घालायचा तर भली लांब कमांड, तो परत काढायचा तर त्याहून लांब. मास्तरांनी दोन्हींना एकेक अक्षर दिलं. पुढे जायला, म्हणजे रकाना घालायला, एम; मागे यायला, म्हणजे तो काढायला, एन. "शेजारशेजारची बटनं, दोन्ही एकाच बोटाची कामं. हात हलवायला नको."

ही सोय फ्रेमवर्कमध्येच घ्या, असं त्यांनी ते बनवणाऱ्यांना कळवलं. मंजूर झाली असती तर तिथे त्यांचं नाव लागलं असतं. पत्रांतलं इंग्रजी माझं. उत्तर यायचं, "गरज काय?" मी वैतागायचे आणि मास्तर पुन्हा लिहायला बसवायचे. "इचारत्यात म्हंजे वाचत्यात की!" असं चार वेळा झालं.

मग आजऱ्याच्या एका काजू कारखान्याच्या कामात मी घाईत एमऐवजी एन दाबलं. काजूच्या प्रतवारीचा अख्खा रकाना, भरलेल्या माहितीसकट गेला. मास्तर तडक एसटीने आजऱ्याला गेले आणि दोन दिवस वह्यांवरून सगळं पुन्हा भरून आले.

त्याच आठवड्यात परदेशातून उत्तर आलं: पाठवा, घेतो. मी नाचायचीच बाकी होते. मास्तर म्हणाले, "आता नको म्हणून लिही. चूक माझी हाय, असं लिही."

"मास्तर, बोट माझं होतं!"

"आणि बटनं कुणी निवडली?"

"निदान पुढे जायची तेवढी ठेवू!"

"पुढची आखूड झाली की लोकं मागची बी आपसूक आखूड करून घेत्यात. मीच केली की."

मी तासभर भांडले. आजही आठवलं की चीड येते. शेवटी रागारागातच पत्र लिहिलं. खाली नाव घालणार, तेवढ्यात त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि स्वतःचं नाव टाइप केलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.