झुल्यातली मोकळी जागा

गोदाकाठ बँजो पार्टीची नवी कॅसेट आली तेव्हा पार्टीला वीस वर्षं होऊन गेली होती आणि येलदरीच्या गीताबाईच्या लग्नाला नऊ. ही दोन वयं एका दमात सांगायचं कारण असं, की त्या लग्नाचा विचका याच पार्टीमुळं झाला होता. पार्टीचा दोष नव्हता, दोष होता पार्टीपायी वेड्या झालेल्या गीताच्या बापाचा.

दिनकरराव पालमचे. शेतीवाडी बेताची, पण बँजो म्हटलं की माणूस कामातून गेला. परभणी जिल्ह्यात कुठंही पार्टीच्या उद्धव मास्तरांचा इलेक्ट्रिक बँजो कर्ण्यातून घुमायला लागला, की हे पहिल्या रांगेत हजर. लेकीच्या लग्नादिवशी नामांतराच्या बंदमुळं एस.टी. नव्हती. वऱ्हाड ट्रॅक्टरनं आलं, दुपार टळल्यावर, उपाशी आणि धुळीनं माखलेलं. आल्या आल्या त्यांनी आपला ताशा पुढं काढला. दिनकरराव आडवे आले, पुढं माझीच पार्टी वाजणार म्हणाले. झालं. मुहूर्त टळला, भरली पंगत उठली आणि गीताचा सासरा मांडवातच बोलून गेला, की पोरगी नेतो, पण तिचा पाय पुन्हा पालमला लागायचा नाही. पुढं सासरा वारला. त्याचा शब्द मात्र सासूनं, चांगुणाबाईंनी, जिवंत ठेवला. गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा, असं त्या म्हणत, आणि गीताचा नवरा आईपुढं तोंड उघडत नसे. पालम काही परमुलखात नव्हतं. सकाळची एस.टी. धरली तर दिवस मावळायच्या आत माणूस पोचत होता.

बापानं मग आपल्या परीनं वाट काढली. उद्धव मास्तरांची स्वतःची एक चाल होती, लोक तिला झुला म्हणत. झुल्याचा पहिला फेरा झाला की मास्तर हात थांबवत, माईक ओढत आणि फर्माईश कुणाची ते पुकारत. दिनकरराव दरसाल मास्तरांना गाठून सांगून ठेवत. पार्टी येलदरीच्या जत्रेत आली, की झुला मध्येच थांबे आणि धरणाच्या भिंतीपर्यंत आवाज जाई, ‘पालमहून दिनकररावांची फर्माईश, त्यांच्या गीतासाठी.’ एवढंच. एवढ्यावर गीता पुढचं वर्ष काढत असे. नाव आलं म्हणजे बाप हिंडता-फिरता आहे, आपल्याला विसरलेला नाही. चांगुणाबाईंना नेमका त्याच वेळी खोकला येई, पण कर्ण्यापुढं कुणाचा खोकला टिकणार?

मग जत्रेत व्हिडिओ आला आणि पार्टीचं बोलावणं बंद झालं. दोन वर्षं गीतानं बापाचं नाव ऐकलं नाही. जत्रा आली की ती नुसती आतून कोरडी पडायची. म्हणून व्यंकटरावांच्या हॉटेलात मास्तरांची कॅसेट आल्याचं कानावर आलं, तेव्हा तिनं मनाशी पक्कं धरलं, की यात दादांची, म्हणजे बापाची, फर्माईश भरून आली असणार. हसू नका. तिनं झुला नावाशिवाय कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन ती सासूबरोबर हॉटेलशेजारच्या गिरणीत गेली, आणि लाईट गेली. गावात वीज तयार होते आणि गावातच ती टिकत नाही, हे येलदरीचं जुनं दुखणं. त्या दिवशी मात्र गीताला ते पावलं. गिरणी थांबली आणि व्यंकटरावांचा सेलवरचा टेप स्वच्छ ऐकू यायला लागला.

हॉटेलात मास्तरांचे जुने भक्त जमले होते. मुंजाजी सगळ्यांत कडवा, त्याला पहिल्याच चालीला चैन पडेना. जनरेटर कुठं गेला, असं तो विचारत होता. वीस वर्षं त्यानं बँजोमागं जनरेटरची धडधड ऐकली होती, तिच्याशिवाय त्याला सगळं आजाऱ्याच्या जेवणासारखं लागत होतं. पॉवर हाऊसमधले क्लार्क दत्तोपंत म्हणाले, याला स्टुडिओ म्हणतात, आणि कॅसिओ घेतल्यापासून पार्टी सुधारली.

“सुधारली न्हाई,” मुंजाजी म्हणाला, “नोकरीला लागली.”

तेवढ्यात झुला लागला. गीतानं डब्याची कडी घट्ट धरली. पहिला फेरा झाला, बँजो थांबला, ढोलकी थांबली. कॅसिओसुद्धा थांबला. टेपमधून नुसती बारीक खरखर येत राहिली, एक ओळ बोलून होईल एवढा वेळ. मग बँजो पुढं निघाला. मास्तरांचा हात वीस वर्षांच्या सवयीनं तिथं थांबला होता. पुकारायचं तेवढं कुणी पुकारलं नव्हतं.

दत्तोपंत म्हणाले, कॅसेट खराब आहे, बदलून आणा.

गीतानं डबा खाली ठेवला. नऊ वर्षांत जी पायरी चढली नव्हती ती हॉटेलची पायरी ती चढली आणि व्यंकटरावांना म्हणाली, “भाऊ, झुला परत लावा.” त्यांनी एकदा गिरणीच्या दारातल्या चांगुणाबाईंकडं पाहिलं आणि कॅसेट मागं घेतली.

फेरा झाला. बँजो थांबला.

“पालमहून दिनकररावांची फर्माईश,” गीता मास्तरांच्याच ढंगात म्हणाली, “त्यांच्या गीतासाठी.”

बँजो पुढं निघाला. तिला रडू फुटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. हॉटेलातल्या माणसांनी माना खाली घातल्या. चांगुणाबाईंना आज खोकला आला नव्हता. त्या हळूहळू पायरीपाशी आल्या.

“त्याचं झालं,” त्या म्हणाल्या. “आता तुझं सांग.”

व्यंकटरावांनी न विचारताच बटण दाबलं. तो टेप नुसता वाजणारा होता, भरून घेणारा नव्हता, आणि हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. झुला तिसऱ्यांदा थांबला.

“येलदरीहून गीताची फर्माईश,” ती म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. “पालमच्या दादांसाठी.”

चांगुणाबाई पायरीवरच टेकल्या.

“मोठ्यानं बोल बाई,” त्या म्हणाल्या, “पालम लय लांब हाय.”