पटावरची एकोणीस मुलं

खडवली स्टेशनपासून तासभर चाललं की संचिता मुकणेची कातकरी वाडी लागते. वाडीत बारावी झालेली ती पहिलीच. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात खोकी भरते आणि सुट्टीच्या दिवशी वाडीच्या शाळेसाठी अर्ज लिहिते. शाळा म्हणजे एक खोली, एक शिक्षक, पटावर एकोणीस मुलं. वीसच्या आत पट, म्हणून ती नदीपलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. पहिलीतलं पोर रोज नदी ओलांडणार नाही, ते घरी बसेल, हे संचिताला सांगावं लागत नव्हतं.

सतराव्या अर्जावर ठाण्याच्या शिक्षण कचेरीतल्या साहेबांचा शेरा आला: ‘प्रत्यक्षात मुले आहेत कुठे?’

मुलं भट्टीवर होती. दिवाळीनंतर अर्धी वाडी विटा पाडायला जाते, मुलांना घेऊनच. संचिता आणि तिच्याबरोबर काम करणारा सुदेश तीन भट्ट्या फिरले.

“ने बाय,” दोन मुलांना घेऊन भट्टीवर आलेली वाडीतली शांताबाई म्हणाली. “पन दोनच दिस. विटा उलटायला हात नाय पुरत.”

सोमवारी एकोणीसच्या एकोणीस मुलं गणवेशात ठाण्याच्या कचेरीत उभी राहिली. तिथल्या कारकून सरोज मॅडमनी टेबलावरून मान वर केली.

“अगं, साहेब तुमच्याच वाडीत गेलेत. पटपडताळणी आहे आज.”

“आम्हाला कळवलं का नाही?”

“कळवून गेले तर पडताळणी कसली?”

“म्हणजे साहेब आमच्या घरी, आम्ही साहेबांच्या घरी,” सुदेश म्हणाला. “आता चहा कोण देणार?” कुणी हसलं नाही.

संचिताने शाळेवर थांबलेल्या शिवराम गुरुजींना फोन लावला. साहेब निघून गेले होते. उपस्थिती शून्य लिहून त्यांनी गुरुजींची सही घेतली होती. “मी सांगितलं, मुलं तुम्हालाच भेटायला गेलीत. म्हणाले, शाळेच्या दिवशी?”

“मॅडम, इथेच मोजा ना.”

“मी मोजून काय उपयोग? शाळेतच मोजावी लागतात.”

संचिताने अठरावा अर्ज लिहिला. खाली प्रत्येक मुलाने स्वतःचं नाव लिहिलं. दुसरीतल्या करिश्माला फार वेळ लागला. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात राहिले. मॅडमनी शिक्का मारला.

“फेरपडताळणी कधी?”

“होईल. तारीख नाही सांगता येत.”

वाडीत शांताबाई मुलांना भट्टीवर परत न्यायला बोचकं बांधून बसली होती.

“झाला काय?”

“परत येणार आहेत मोजायला.”

“कवा?”

“तारीख नाही दिली त्यांनी.”

“मंग तवर पोरां बसवून ठेवू?” शांताबाईच्या आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं.

सकाळी तिची दोन्ही मुलं भट्टीवर गेली. त्यांच्यामागून आणखी सहा. संचिताने कामावर खाडा केला आणि रस्त्यावर उभी राहिली. गाडी दिसली की चार पावलं पुढे जायची. शुक्रवारी शाळेत चार मुलं होती. गुरुजी त्यांना हातच्याची वजाबाकी शिकवत होते. साहेब आले नव्हते, आणि आज येऊ नयेत असं तिला पहिल्यांदाच वाटलं.