कमलाचा यंत्रमाणूस

माझी बायको कमला टीव्ही कधी बसून पाहत नसे. हातात लाटणं, अर्धं अंग स्वयंपाकघरात. आकाशातल्या जहाजाची एक मालिका लागायची, तेवढी मात्र ती चुकवत नसे. जहाजावर सगळ्यांचं ऐकणारा एक यंत्रमाणूस होता. कमला म्हणायची, “इतक्या मोठ्या जहाजात झाडू कोन मारते, ते काऊन नाई दाखवत हे?” मी म्हणायचो, “चूप बस. बातम्या लाव.”

जीभ तिखट, हात चपळ. हिंगणीच्या शिवारात तिच्याएवढा कापूस कोणी वेचत नाही, असं मी गावभर सांगायचो.

ती जाऊन चार महिने झाले. परवा शेजारची सुषमा मुंबईहून आली. आता ती तिथं टीव्हीच्या मालिका लिहिते. कॉलेजात असताना सुट्टीत कमलाबरोबर वेचणीला जायची. मोबाईल समोर धरून म्हणाली, “काकाजी, माही नवीन मालिका पाहा. काकीचीच हाय.”

जहाजच होतं. पण त्यात बायका कमरेला ओटी बांधून ताऱ्यांवरची धूळ वेचत होत्या. एक बाई गोष्ट सांगत होती आणि बाकीच्या तिच्या ओटीत मूठ मूठ टाकत होत्या.

“हे काय?”

“वेचणीत असंच चाले. ते जुनी मालिका मधीच बंद पडली ना, मंग काकी रोज पुढचा भाग मनानं सांगे. सांगताना हात मंदावे, म्हणून आमी आपला कापूस तिच्या ओटीत टाको.”

म्हणजे मी मिरवला तो कापूस तिचा नव्हताच.

मग यंत्रमाणूस आला. जेवला, ताट सरकवलं, म्हणाला, “चूप बस. बातम्या लाव.”

मी विचारलं, “हा मी हाय?”

सुषमानं मान खाली घातली. “जुना यंत्रमाणूस सगळ्यायचं ऐके. काकीनं त्याले बदललं. आमी हासून हासून लोळो, काकाजी.”

साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

“अन् शेवट काय सांगे कमला?”

“म्हणे, एक दिवस तो आपल्या मनानं विचारन, तू जेवली का म्हणून. पुढं काकी बिमार पडली. आता शेवटचा भाग मले लिहाचा हाय. विचारलं असन ना तुमी, दवाखान्यात तरी?”

दवाखान्यात मी तिच्या उशाशीच होतो. डबा नेला, गोळ्या आणल्या. ती जेवली का, हे रोज विचारलं. नर्सला. तिला नाही.

“नाई विचारलं,” मी म्हणालो. “तसंच लिहिजो.”