पोटातली गाठ आणि कुड्याचं पाळ

नव्वदच्या दशकात मुंबईबाहेर, आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये टँकरचं पाणी यायचं. मी ते उकळायची, गाळायची, तरी ह्यांचं पोट सारखं बिघडायचं. त्यावर सासूबाई सावंतवाडीहून कुड्याचं पाळ, म्हणजे त्या झाडाच्या मुळाची साल, धाडायच्या. उगाळून ताकातून घेतलं की जुलाब थांबत. ते आम्हाला इतकं घरचं झालं होतं की औषध वाटायचंच नाही.

पुढे ह्यांचं वजन उतरलं आणि पोटात उजवीकडे हाताला लागेल अशी गाठ झाली. मुंबईच्या सर्जननी फोटो पाहून सांगितलं, बहुतेक कॅन्सर आहे, आतड्याचा तुकडा काढावा लागेल. "जुलाब होतात का?" असं त्यांनी विचारलं होतं. आम्ही दोघंही "नाही" म्हणालो. पाळ घेतल्यावर थांबत होते ना! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ऑपरेशनची तारीख ठरली म्हणून सासूबाई आल्या आणि लगेच सहाणेवर पाळ उगाळायला बसल्या. तेवढ्यात आमचे नेहमीचे डॉक्टर ह्यांना बघायला आले.

"आजी, हे कोणासाठी?"

"माझ्या झिलासाठी. तीन वर्सां देतंय. नायतर आव पडता, रगात पडता."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "हे सर्जनना सांगितलंत?"

मी आमचं ते "नाही" सांगून टाकलं. मग त्यांनी समजावलं, अमिबा आतड्यात वर्षानुवर्षं राहिला तर अशी गाठ होते आणि फोटोत ती थेट कॅन्सरसारखी दिसते. शौचाच्या तपासणीत अमिबा सापडला. डॉक्टरांनी स्वतः मुंबईला फोन केला आणि त्या सर्जननीही ताठा न दाखवता ऑपरेशन पुढे ढकललं. आधी गोळ्या, मग बघू. अशी माणसं भेटली, हे आमचं नशीब.

गोळ्यांनी ह्यांचं तोंड कडूजहर झालं. गाठ मात्र आधी लिंबाएवढी, मग सुपारीएवढी झाली. सासूबाई मला चोरून म्हणाल्या, "माज्याच पाळान दुखना लपला गो."

"आई, लपवलं आम्ही. तुम्ही तर डॉक्टरांना सांगितलंत," मी म्हटलं. त्या पदरात तोंड घालून रडल्या, मीही रडले.

महिन्याभराने सर्जननी नवे फोटो पाहिले आणि कापायला काही उरलं नाही म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी आमटी अळणी म्हणून ताट सरकवलं. गाठ कळल्यापासून मी त्यांना एकदाही उलट बोलले नव्हते. त्या दिवशी पोटभर भांडले.